प्रॉपेलरच्या नटाला टॉर्क पाना: कोणता घ्यावा आणि कुठे मासे तोलायचा काटाच पुरतो

दुकानात टॉर्क पाना, म्हणजे नट ठरलेल्या पिळानेच (टॉर्कनेच) आवळता यावा असा पाना, मागितला की समोर येतो तो अर्धा इंची चौकाचा (गोटी म्हणजे सॉकेट बसते ते चौकोनी टोक), २८ ते २१० न्यूटन-मीटरचा क्लिक पाना, लावलेला आकडा आला की टक् वाजणारा. गाडीच्या चाकाचे नट आवळायला तो चांगला. पण विदर्भातल्या गोसेखुर्द, इटियाडोह, खिंडसी अशा पाण्यांवर चालणाऱ्या १५ ते ४० एचपीच्या आउटबोर्ड मोटारींसाठी, म्हणजे होडीच्या मागे टांगायच्या मोटारींसाठी, तो घेऊ नये. कारण सरळ हिशेबाचे आहे. यामाहाच्या ९.९ आणि १५ एचपी मोटारींच्या प्रॉपेलर नटाला १७ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो, ४० एचपीला ३५. क्लिक पान्याची अचूकता, म्हणजे चार टक्के इकडेतिकडे, त्याच्या कमाल आकड्याच्या वीस टक्क्यांपासून पुढे धरतात. २१० चे वीस टक्के होतात ४२. म्हणजे १७ त्या पट्टीवरच नाही, आणि ३५ पट्टीवर असला तरी भरवशाच्या हद्दीबाहेर. इतक्या खालच्या आकड्याला आतली स्प्रिंग जेमतेम दबलेली असते, टक् आवाज क्षीण येतो, हाताला जाणवत नाही. मग आवळणारा ओढतच राहतो आणि पाना असूनही नट अंदाजानेच बसतो.

मर्क्युरीच्या मोठ्या गिअरकेसच्या (प्रॉपेलरच्या पुढची गिअरची पेटी) मोटारींना हाच आकडा ७५ न्यूटन-मीटर आहे, म्हणजे ५५ फूट-पाउंड. सारख्या ताकदीच्या पण वेगळ्या कंपनीच्या मोटारींत दुपटीचा फरक पडतो तो असा. म्हणून खरेदीला निघण्याआधी आपल्या मोटारीच्या पुस्तिकेतला आकडा कागदावर उतरवून घ्या. तो किलोग्रॅम-मीटरमध्ये असेल तर ९.८ ने गुणा, फूट-पाउंडमध्ये असेल तर १.३५६ ने. शेजारच्या गावच्या मोटारीचा आकडा आपल्याला चालत नाही.

घ्यायचा तो ३/८ इंची

आमची पसंती ३/८ इंची चौकाच्या, १९ ते ११० न्यूटन-मीटरच्या क्लिक पान्याला. ३५ आणि ७५ हे दोन्ही आकडे त्याच्या पट्टीवर मोकळ्या जागेत येतात, लांबी हातभरही नाही, होडीतल्या पेटीत आडवा मावतो. ऑनलाइन दोन ते चार हजारांच्या घरात चांगला मिळतो. त्याहून स्वस्तातले पाने दिसतात, पण घेताना दोन गोष्टी पाहाव्या: आकडे मुठीवर कोरलेले आहेत का, आणि आकडा लावल्यावर मूठ जागेवर रोखणारी कडी घट्ट बसते का. नुसते रंगाने छापलेले आकडे डिझेल आणि ग्रीसच्या हातांनी लवकरच पुसतात. डब्यात कॅलिब्रेशनचा, म्हणजे आकडे बरोबर असल्याच्या तपासणीचा, कागद असावा आणि त्यावरचा क्रमांक पान्यावरच्या क्रमांकाशी जुळावा. हे दुकानातच पाहून घ्या.

गोटीचा घोळ आधीच सोडवा. ३/८ इंची गोट्यांच्या संचात मोठे माप सहसा नसते. मर्क्युरीच्या मोठ्या नटाला १ १/१६ इंच, म्हणजे जवळपास २७ मिलिमीटरची गोटी लागते आणि ती बहुधा अर्धा इंची चौकात मिळते. मग ३/८ चे अर्धा करणारा अॅडॅप्टर सोबत घ्या. तो सरळ रेषेत बसतो, त्यामुळे टॉर्कच्या आकड्यात फरक पडत नाही. बाकी मोटारींच्या नटाचे माप व्हर्नियरने मोजून मगच गोटी घ्यावी. गोटी सहा कोनी घ्या, बारा कोनी नको. कॉटर पिनवाल्या (नट फिरू नये म्हणून आडवी पिन घालायच्या) नटाच्या डोक्यात खाचा असतात, त्यामुळे गोटीला धरायला कमी पृष्ठभाग उरतो आणि बारा कोनी गोटी कोपरे गोल करते. शाफ्टचे, म्हणजे प्रॉपेलर बसतो त्या दांड्याचे, टोक नटाबाहेर बरेच येत असेल तर खोल गोटीच लागेल. आखूड गोटी टोकावर टेकते, नटावर पूर्ण बसत नाही आणि जोर आला की उसळते.

वापरताना होणारे घोटाळे ठरलेले आहेत. पहिला टक् आला की थांबायचे. दोन-तीनदा टक् करून खात्री करण्याची सवय म्हणजे प्रत्येक वेळी थोडा जास्त टॉर्क. मुठीच्या मधोमध धरून संथ ओढायचे, झटका द्यायचा नाही. मुठीवर पाइप चढवायचा नाही. या पान्याने नट सोडवायचा तर अजिबात नाही. सोडवायला साधा रिंग पाना आहे. काम झाले की मूठ सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवायची, पण त्याहूनही खाली सैल करायची नाही. स्प्रिंग महिनोन्महिने दाबलेली राहिली तर आकडे सरकतात. कॅलिब्रेशन वर्षातून एकदा किंवा पाच हजार वेळा वापरल्यावर करायचे असते. मच्छीमार संस्थेच्या पान्याचे पाच हजार कधीच होणार नाहीत, वर्ष मात्र होते.

घरच्या घरी ढोबळ तपासणी करता येते. पान्याचा चौक व्हाइसमध्ये आडवा धरा, चौकाच्या मध्यापासून ३० सेंटिमीटरवर दोरीने १० किलो वजन लटकवा. हा भार २९.४ न्यूटन-मीटरचा, पान्याच्या स्वतःच्या वजनाने त्यात थोडी भर पडते. पाना ३५ ला लावल्यावर एवढ्या वजनाला टक् वाजायला नको आणि २५ ला लावल्यावर वाजायलाच हवा. दोन्हीपैकी एक चुकले तर तो पाना आता फक्त दांडा आहे.

१५ एचपीवाल्यांनी पाना घेऊच नये

१७ न्यूटन-मीटरसाठी या पान्याचाही उपयोग नाही. त्यासाठी ५ ते २५ चा १/४ इंची पाना वेगळा घ्यावा लागेल, आणि एका लहान मोटारीच्या एका नटासाठी तो खर्च आम्हाला पटत नाही. तलावावर मासे तोलायला जो लटकता डिजिटल काटा असतो, तो इथे टॉर्क पान्याचे काम करतो.

रीत अशी: रिंग पाना नटावर बसवा. नटाच्या मध्यापासून बरोबर २५ सेंटिमीटरवर पान्याला नायलॉनची दोरी गाठ मारून बांधा आणि तिच्यात काट्याचा हूक अडकवा. काटा पान्याशी काटकोनात धरून ओढा. ६.९ किलो दिसले की १७ न्यूटन-मीटर झाले. याच अंतरावर ३५ साठी १४.३ किलो. ७५ साठी अंतर ५० सेंटिमीटर ठेवा, म्हणजे १५.३ किलो पुरतात. पान्यावर पाइप घालून अंतर वाढवले तरी चालते, इथे पाइपची मनाई नाही, कारण अंतर आपणच मोजतो आहोत. दुसरे अंतर घ्यायचे असेल तर न्यूटन-मीटरला मीटरमधल्या अंतराने भागा आणि आलेल्या आकड्याला ९.८१ ने भागा.

चूक होते ती कोनात. ओढ काटकोनाऐवजी साठ अंशांत गेली तर नटाला सुमारे तेरा टक्के टॉर्क कमी मिळतो आणि काटा मात्र पूर्ण आकडा दाखवतो. दोरी पान्यावरून सरकली तरी तेच. म्हणून गाठीच्या जागी आधी चिकटपट्टीचे दोन वेढे द्यावे. शेवटचा आकडा धरून ठेवणारा काटा असेल तर एका माणसाला जमते, नसेल तर दुसऱ्याने आकडा वाचायचा. काट्याचे शून्य आधी तपासा, मासळीच्या ओल्या टोपलीचे वजन वजा करून ठेवलेले असते.

४० एचपीसाठीही ही पद्धत चालते. पण ज्या संस्थेकडे तीन-चार मोटारी आहेत आणि आवळणारे हात बदलतात, तिथे पानाच बरा. दोरी, अंतर, कोन सांभाळण्याचा कंटाळा एकदा आला की माणूस पुन्हा मनगटाच्या अंदाजावर येतो.

नट नेमके काय धरतो

होडी पुढे जाताना प्रॉपेलरचा सगळा रेटा पुढच्या थ्रस्ट वॉशरमधून (प्रॉपेलरच्या पुढे शाफ्टवर बसणारी जाड कडी) शाफ्टच्या उतरत्या खांद्यावर जातो. नटावर त्यातले काहीही येत नाही. म्हणून सैल नट पुढच्या प्रवासात कळतच नाही. मोटार ठीक चालते, फार तर गिअर टाकताना खट् आवाज येतो आणि तो कुणी मनावर घेत नाही. रिव्हर्स टाकला की मात्र रेटा उलटतो आणि सगळा नटावर येतो. त्यामुळे प्रॉपेलर निसटतो तो बहुतेक वेळा काठाला लावताना, रिव्हर्समध्ये, जिथे गाळ सगळ्यात जास्त. शाफ्टवरून सुटलेला प्रॉपेलर सोबत स्पेसर, वॉशर आणि नट घेऊन बुडतो.

जास्त आवळण्याचे नुकसान वेगळे. वॉशर दबतो, नटाचे आटे ताणले जातात, आणि पुढच्या वेळी नट सोडवताना शाफ्टचे आटेही सोबत येतात. नट स्वस्त आहे, शाफ्ट नाही.

बसवण्याचा क्रम हाच: थ्रस्ट वॉशर, प्रॉपेलर, स्पेसर, सपाट वॉशर, नट, कॉटर पिन. मॉडेलनुसार स्पेसर आणि वॉशर एकाच तुकड्यात असतात किंवा वॉशरला कान असतात. थ्रस्ट वॉशरच्या आतल्या बाजूला उतार असतो, तो शाफ्टच्या उताराकडे, म्हणजे मोटारीकडे यायला हवा. उलटा बसला तर प्रॉपेलर तिरपा आवळला जातो. बसवायचाच राहिला, आणि हे वाटते त्यापेक्षा जास्त वेळा होते, तर प्रॉपेलर पुढे सरकून त्याचा हब, म्हणजे मधला भाग, गिअरकेसला घासतो. थ्रस्ट वॉशर ग्रीसमुळे जुन्या प्रॉपेलरच्या आत चिकटून निघतो आणि जुन्या प्रॉपेलरसोबत भंगारात जातो. नवा प्रॉपेलर चढवण्याआधी जुन्याच्या तोंडात बोट घालून पाहा.

काम सुरू करण्याआधी मोटार बंद करणाऱ्या किल-स्विचची क्लिप काढा, प्लगच्या टोप्या ओढून ठेवा, बॅटरी असेल तर तिची तार सोडा. गिअरमध्ये असताना प्रॉपेलर फिरवला तर इंजिन फिरते, आणि गरम इंजिन एका ठिणगीवर सुरू होऊ शकते. गिअर न्यूट्रलला आणा. मोटार वर उचलून खटका लावा. होडी पाण्यात असेल तर प्रॉपेलरखाली घमेले धरायला एक माणूस ठेवा किंवा बारीक जाळ्याचा तुकडा बांधा. गढूळ पाण्यात पडलेला नट शोधत कुणी बुडी मारू नये, सरळ दुसरा आणावा.

न्यूट्रलमध्ये प्रॉपेलर मोकळा फिरतो, म्हणून त्याला अडवायला लाकडाचा ठोकळा लागतो. दोन इंच जाडीचा बाभळीचा किंवा सागाचा तुकडा पुरतो. पाते आणि वरची आडवी कॅव्हिटेशन प्लेट यांच्या मध्ये तो धरायचा. मागून पाहताना नट आवळायचा असेल तर ठोकळा डाव्या बाजूच्या पात्यावर, सोडवायचा असेल तर उजव्या बाजूच्या पात्यावर. बाजू चुकली की ठोकळा निसटून बोटांवर येतो. पात्याची धार हात कापते, हातमोजे घाला. पाते हाताने धरून आवळणाऱ्याला टॉर्क मोजताच येत नाही, कारण अर्धा जोर त्याच्याच हातात विरतो.

नट काढल्यावर शाफ्टच्या खाचा आणि आटे तारेच्या ब्रशने साफ करून कपड्याने पुसा. खाचांना, म्हणजे स्प्लाइनला, पाण्यात न धुणाऱ्या मरीन ग्रीसचा पातळ थर सगळीकडून लावा. आट्यांवर मात्र ग्रीस थापू नका: आटे बरबटले की घर्षण कमी होते आणि त्याच टॉर्कला नट प्रत्यक्षात जास्त आवळला जातो. नट आधी नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत जायला हवा. मध्येच अडला तर आटे खराब आहेत किंवा तो तिरका चढला आहे. पाना लावून जबरदस्ती केली तर शाफ्ट गेला.

टॉर्क पूर्ण झाल्यावर नटाची खाच आणि शाफ्टचे छिद्र क्वचितच समोरासमोर येतात. तेव्हा नट पुढे आवळून जुळवायचा, मागे सोडून कधीही नाही. सहा खाचांच्या नटाला यासाठी जास्तीत जास्त फेऱ्याचा सहावा भाग लागतो. तो भाग फारच जड जात असेल तर नट काढा, वॉशर आणि स्पेसर पुसा, त्यांच्यामध्ये रंगाची पापडी किंवा वाळू अडकली आहे का ते पाहा आणि पुन्हा बसवा.

मर्क्युरीच्या बऱ्याच मोटारींत कॉटर पिन नसते. तिथे नायलॉनची कडी असलेला नट असतो आणि खाली वाकवायचे कान असलेला वॉशर. नट ७५ ला आवळून मग वॉशरचे कान खाचांत वाकवायचे. काढताना आधी कान सरळ करायचे. हा नट नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत फिरू लागला की नायलॉन संपले, तो बदलायचा. म्हणजे कॉटर पिनवाल्या नटासाठी जी चांगली खूण, तीच या नटासाठी वाईट.

दोन-पाच एचपीच्या अगदी लहान मोटारींत शिअर पिन असते. तिथे टॉर्कचा प्रश्नच येत नाही. आडवी पिन धक्क्याला तुटून गिअर वाचवते. तिच्या जागी पोलादी खिळा ठोकला तर पुढच्या ओंडक्याला पिनऐवजी गिअर तुटतो.

सगळ्यात मोलाची खरेदी काही रुपयांची

पान्यावर एवढे लिहिल्यावरही सांगावेसे वाटते: हजारो रुपयांचा पाना आणि स्टेनलेस कॉटर पिनांचे एक पाकीट यांतले एकच परवडत असेल तर पिना घ्या. टॉर्क थोडा कमी-जास्त झाला तरी पिन नटाला फिरू देत नाही. पिन नसेल तर अचूक टॉर्कही कंपनांपुढे फार टिकत नाही.

पिन दर वेळी नवी. एकदा वाकवून सरळ केलेली पिन वाकवलेल्या जागीच तडकते, बाहेरून दिसत नाही. जाडी छिद्रात अलगद पण सैल न होता जाईल अशी. बारीक पिन छिद्रात खेळते आणि झिजून तुटते. साधी लोखंडी पिन नवी असताना दिसायला तशीच. चुंबक लावून पाहा, चांगल्या स्टेनलेसला तो फारसा चिकटत नाही.

पिनेऐवजी खिळा, सायकलचा आरा, वेल्डिंगची काडी किंवा बांधकामाची तार, हे सगळे प्रकार तलावांवर दिसतात. खिळा आणि आरा कडक असतात, त्यांचे पाय फाकत नाहीत, कंपनांनी ते बाहेर सरकतात. बांधकामाची तार इतकी मऊ की नटाची धारच तिला कापते. वेल्डिंगची काडी पाण्यात गंजून छिद्रातच फुगते, मग ती ड्रिलने काढावी लागते.

पिन वाकवताना दोन्ही पाय विरुद्ध दिशांना, नटाला चिकटून वाकवा आणि उरलेले टोक पक्कडीने कापा. टोक बाहेर राहिले तर त्यात तंगूस (जाळ्याचा नायलॉन दोरा) अडकतो, आणि आपल्या जलाशयांत त्याची कमतरता नाही.

आवळून झाल्यावर न्यूट्रलमध्ये प्रॉपेलर हाताने फिरवा. तो कुठेही न घासता फिरायला हवा. पुढे-मागे हलवून पाहा. किंचित हालचाल चालते, ठकठक चालत नाही. नवा प्रॉपेलर असेल तर पहिल्या फेरीनंतर नट पुन्हा तपासा. त्यानंतर दर १०० तासांनी नट काढून, पुसून, ग्रीस लावून, नवी पिन.

आपल्या पाण्यातले त्रास

तंगूसाचे तुटके जाळे प्रॉपेलरभोवती गुंडाळले की ते थ्रस्ट वॉशरच्या पुढे, शाफ्टच्या ऑइल सीलपर्यंत (तेल आत अडवणारी रबरी कडी) शिरते. बाहेरून पाती मोकळी दिसतात आणि आत दोरा सील कापत असतो. सील कापली गेली की गिअर ऑइलमध्ये पाणी जाते आणि ते दुधाळ होते. म्हणून जाळे अडकल्यावर पाती साफ करून पुढे निघू नका. त्याच दिवशी काठावर आल्यावर नट काढून वॉशरच्या मागे पाहा. गिअरकेसचा खालचा स्क्रू किंचित सैल करून दोन थेंब ऑइल पाहिले तरी पुरते: दुधाळ असेल तर सील बदलेपर्यंत मोटार चालवू नये.

गोसेखुर्दच्या बुडीत क्षेत्रात पाण्याखाली वाळलेली झाडे उभी आहेत. पातळी उतरली की त्यांचे शेंडे पाण्याच्या जेमतेम खाली राहतात. आदळल्यावर बहुतेक वेळा प्रॉपेलरच्या हबमधले रबर सरकते. मोटारीचा आवाज चढतो आणि होडी मात्र पुढे सरत नाही. अनेक जण हा नट सैल असल्याचा प्रकार समजून नट आणखी आवळतात. आवळून रबर दुरुस्त होत नाही. ओळखायचे असे: शाफ्टवर बसणाऱ्या आतल्या बुशवरून (नळीवरून) बाहेरच्या हबवर ऑइल पेंटची एक सरळ रेघ मारा, एक फेरी मारून या. रेघ तुटून दोन जागी दिसली तर हब गेला. या पाण्यात अॅल्युमिनियमचाच प्रॉपेलर ठेवावा. स्टेनलेसचे पाते वाकत नाही हे खरे, पण मग धक्का आत गिअरपर्यंत जातो.

जलपर्णी आणि बेशरमीचे दांडे यांनी नटाला थेट इजा होत नाही. पण गुंडाळा सोडवायला लोक पुढे-रिव्हर्स-पुढे असे झटके देतात आणि प्रत्येक रिव्हर्सला सगळा भार नटावर येतो. मोटार बंद करून, उचलून, विळ्याने कापा.

पूरबचावाच्या बोटींचे प्रकरण निराळे आहे. त्या वर्षातले दहा-दहा महिने शेडमध्ये असतात आणि मग एका रात्रीत लागतात, जशा ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या पुरात लागल्या. तोवर ग्रीस वाळलेले, प्रॉपेलर स्प्लाइनला चिकटलेला, पिन गंजलेली. अशा मोटारीची तपासणी मे महिन्यातच उरकावी. चिकटलेला प्रॉपेलर काढायला शाफ्टच्या टोकावर हातोडा मारायचा नाही. आटे चेपतात आणि धक्का आतल्या बेअरिंगला बसतो. पातीही ठोकायची नाहीत. गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरू द्यावे, दुसऱ्या दिवशी हलवून पाहावे, नाही निघाला तर पुलर (ओढून काढायचे साधन) असलेल्या मेकॅनिककडे न्यावा. या मोटारींना प्रॉपेलर कधीही न काढता फक्त वरून रंग मारून सज्ज म्हणून ठेवतात, हे पाहून राग येतो.

तरंगणारा प्लास्टिकचा पाना

ऑनलाइन मिळणारा नारिंगी किंवा पिवळा, पाण्यावर तरंगणारा प्रॉपेलर पाना आकर्षक दिसतो. तो मुख्यतः १ १/१६ इंची नटासाठी बनवलेला असतो. यामाहाच्या १५ एचपीच्या नटावर तो सैल बसतो आणि कोपरे गोल करतो. मोठी मर्क्युरी असेल तर होडीत ठेवायला हरकत नाही, कारण पाण्यात पडला तरी सापडतो आणि मधल्या पाण्यात नट काढायच्या कामाला येतो. टॉर्क मोजायची सोय त्यात नाही, आणि ७५ न्यूटन-मीटरपर्यंत ओढायला त्याचा दांडा आखूड पडतो. काठावर आल्यावर खरा पाना लावायचाच. १५ एचपीवाल्यांनी त्याऐवजी मापाचा रिंग पाना घेऊन त्याला थर्माकोलचा गोळा बांधावा, काम तेच होते.

खरेदी कुठून? पाने, गोट्या, अॅडॅप्टर, स्टेनलेस पिना हे नागपूरच्या इतवारीतल्या लोखंड-हार्डवेअरच्या दुकानांत सहज मिळते, ऑनलाइनची वाट पाहायची गरज नाही. जुनी पिन नमुन्याला सोबत न्या. नट, थ्रस्ट वॉशर आणि स्पेसर मात्र हार्डवेअरमधून घेऊ नका. आटे जुळले म्हणून ट्रॅक्टरचा नट बसवला तर त्याची उंची वेगळी असते आणि पिनेचे छिद्र खाचेऐवजी नटाच्या आत दडते. हे तीन भाग मोटारीच्या विक्रेत्याकडूनच, होडीला पकडणाऱ्या ब्रॅकेटवरच्या पट्टीवरचा मॉडेल कोड सांगून मागवा. मागवताना एक नट आणि एक थ्रस्ट वॉशर जास्तीचा घ्या. विदर्भात हे भाग दुकानात तयार नसतात आणि पार्सल येईपर्यंत होडी काठावरच राहते.